घडा, कुंभार आणि गाढव : संगणकाच्या ऊर्जेचा हिशेब



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस संगणकाच्या विजेवर काय बोलणार, अशी शंका संयोजकांनाही आली असेल. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, हा त्यांचा चांगुलपणा. आम्ही यंत्रशास्त्राचे विद्यार्थी नाही. पण हिशेब मांडताना काय धरायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न आहे. आज संगणकाच्या निमित्तानं तोच विचारायचा आहे.

सुरुवात आपल्या धाराशिव जिल्ह्यातूनच करू. तेर आपल्याला इथून दूर नाही. पेरिप्लसमध्ये ज्याचा तगर म्हणून उल्लेख येतो ते हे गाव, आणि संत गोरोबाकाकांचं गाव. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कच्चं आणि पक्कं यांत माती तीच असते, आकारही तोच असतो. फरक असतो भट्टीतून जाण्याचा, म्हणजे आजच्या भाषेत खर्च झालेल्या ऊर्जेचा.

आता योगायोग बघा. भारतीय तर्कशास्त्रात कार्यकारणाची चर्चा निघाली की उदाहरण ठरलेलं असतं : घट, म्हणजे घडाच. घड्याची कारणं कोणती? माती धरायची, कुंभार धरायचा, चाक आणि दांडा धरायचा. पण नैयायिक फार बारकाईनं बघणारे लोक. विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त, जी गोष्ट कार्याच्या आधी असते पण तिला कारण म्हणायचं नाही, अशा ‘अन्यथासिद्ध’ गोष्टींचे पाच प्रकार दिले आहेत. त्यात कुंभाराचा बाप येतो, आणि शेवटी येतं गाढव. माती पाठीवर वाहून आणणारं गाढव. त्या गाढवाशिवायही घडा होऊ शकतो, म्हणून ते कारण नव्हे.

तर्काच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. हे गाढव नसतं तर दुसरं असतं. पण कुणीतरी माती वाहिलीच ना? त्याची पाठ दुखलीच ना? कारणांच्या यादीतून नाव गळलं म्हणून श्रम गळत नाहीत. संगणकाच्या बाबतीत आपण सगळे नैयायिक झालो आहोत. प्रोग्राम, चिप, वेग, मेमरी हे सगळं आपल्या यादीत असतं. ज्या कोळशानं, पाण्यानं आणि उष्णतेनं ही माती वाहून आणली, ते आपण अन्यथासिद्ध ठरवून टाकलं आहे.

एक सही

हा विषय आमच्या मनात कुठून शिरला ते सांगतो. आम्ही ज्या महाविद्यालयात होतो त्याचं नाव घेत नाही. अशी गोष्ट कुठेही घडली असती. २०१२ च्या मार्च महिन्यात आम्ही निर्लेखन समितीवर होतो. संगणक कक्षातले ३० संगणक डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी करायचे होते. जुने, मोठ्या पोटाच्या काचेच्या पडद्याचे. ‘चालू आहेत का?’ आम्ही विचारलं. ‘चालू आहेत सर, पण अनुदान आलंय, ३१ मार्चच्या आत खर्च नाही दाखवला तर परत जातंय. आणि नवे वीजही कमी खातात.’

हा शेवटचा मुद्दा आम्हाला पटला. वीज कमी लागणार म्हणजे चांगलंच की! आम्ही सही केली. जुने संगणक अभिलेख कक्षात रचले गेले, तिथून काही वर्षांनी भंगारवाल्याच्या टेम्पोत. नवे आले, आणि सहा वर्षांनी त्यांचंही निर्लेखन झालं. त्या वेळी आम्ही निवृत्त झालो होतो, त्यामुळे ती सही दुसऱ्या कुणाची. पहिली मात्र आमची.

ती सही बरोबर होती की चूक, हे आम्हाला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. कारण ते काढायचं कसं, तेच माहीत नव्हतं. आज ते काढून बघू.

घडणावळ आणि खुराक

सोनाराकडे गेलो की सोन्याच्या भावाशिवाय तो घडणावळ घेतो. वस्तू घडवण्याचा खर्च. बैल किंवा शेळी घेतली की विकत घेण्याच्या पैशाशिवाय रोजचा खुराक लागतो. आपली उस्मानाबादी शेळी नावाजली गेली त्यात हेही एक कारण आहे, कमी चाऱ्यावर, कोरड्या माळावर ती तग धरते.

प्रत्येक यंत्राला ऊर्जेचे असे दोन खर्च असतात. यंत्र तयार होताना लागलेली ऊर्जा ही घडणावळ. शास्त्रात तिला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. ते चालवताना लागते ती ऊर्जा म्हणजे खुराक. मडक्याचं सगळं घडणावळीत संपतं. भट्टीतून बाहेर आलं की ते पुढे काही खात नाही. कंदिलाचं उलट : घडणावळ थोडी, तेल रोज. आपलं विजेचं बिल फक्त खुराक दाखवतं. घडणावळ दुसऱ्याच कुणाच्या बिलात, दुसऱ्याच देशात भरली गेलेली असते.

मग संगणक मडक्यासारखा की कंदिलासारखा?

आपल्या खिशातला मोबाइल घ्या. त्याच्या बॅटरीत साधारण १५ ते १९ वॅट-तास ऊर्जा मावते. रोज पूर्ण चार्ज केला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तरी वर्षाला सात-आठ युनिट होतात. म्हणजे महिन्याला पाऊण युनिटही नाही. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण वीज बहुतांशी कोळशाची. म्हणजे वर्षाच्या चार्जिंगचा धूर पाच-सहा किलो. आणि घडणावळ? उत्पादक कंपन्या स्वतः जे आकडे जाहीर करतात त्यावरून एका चांगल्या मोबाइलची घडणावळ ५० ते ८० किलोंच्या घरात जाते. दहा वर्षं रोज चार्ज करा, तेव्हा कुठे खुराक घडणावळीला गाठेल. आपण तर तीन वर्षांत मोबाइल बदलतो. तेव्हा मोबाइल हे जवळजवळ पूर्णपणे मडकं आहे. चार्जर रात्रभर लावून ठेवू नका, असं नातवंडांना आपण सांगतो. सांगावं. पण खरी ऊर्जा दुकानातून डबा घरी आणला त्याच क्षणी खर्च होऊन गेलेली असते.

गारगोटीपासून चिपपर्यंत

घडणावळ एवढी कशी? मोबाइलचं वजन ते काय! इथे जरा थांबावं लागेल.

मडक्याची भट्टी ७०० ते ९०० अंशांच्या आसपास तापते. चिपची गोष्ट सुरू होते ती गारगोटीच्या जातीच्या दगडापासून. तो कोळशासारख्या कार्बनबरोबर विजेच्या भट्टीत २००० अंशांच्या आसपास तापवून त्यातून सिलिकॉन काढतात. हे सिलिकॉन चिपसाठी अजून फार अशुद्ध असतं. त्याचं रासायनिक वायूत रूपांतर करायचं, तो वायू शुद्ध करायचा, पुन्हा त्याचं सिलिकॉन करायचं. ९९ नंतर दशांशचिन्ह आणि पुढे सात नऊ, एवढी शुद्धता लागते. मग ते १४१४ अंशांना वितळवून त्यातून एकच अखंड स्फटिक सावकाश वर ओढतात, त्याच्या पातळ चकत्या कापतात.

इथपर्यंत माती मळून झाली असं समजा. खरं घडवणं पुढे. त्या चकतीवर थर चढवायचे, प्रकाशानं नक्षी उमटवायची, कोरायची, धुवायची, तापवायची. शेकडो पायऱ्या, दोन-तीन महिने. धुळीचा कण पडला तरी चिप वाया, म्हणून अख्ख्या इमारतीतली हवा सतत गाळायची, तापमान आणि दमटपणा काटेकोर ठेवायचा. तिथल्या विजेचा मोठा वाटा या हवेवरच जातो. तैवानची जी मोठी चिप कंपनी आहे, टीएसएमसी, ती एकटी त्या देशातली सुमारे ८ टक्के वीज वापरते.

एरिक विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका मेमरी चिपचा हिशेब मांडला. चिपचं वजन २ ग्रॅम. ती घडवायला आणि वापरायला मिळून लागणारं इंधन १६०० ग्रॅम, रसायनं ७२ ग्रॅम, आणि घडवण्यासाठी पाणी ३२ लिटर. पुढे संयुक्त राष्ट्र विद्यापीठासाठी त्यांनी मोठ्या पडद्यासकट आख्ख्या डेस्कटॉपचा हिशेब केला : २४ किलोंचा संगणक, त्याच्या घडणावळीला किमान २४० किलो खनिज इंधन. वजनाच्या दहापट. मोटारीचं किंवा फ्रिजचं हेच प्रमाण एक-दोन पट इतकंच भरतं. घरी रोज थोडा वेळ वापरल्या जाणाऱ्या त्या काळच्या संगणकाच्या आयुष्यभराच्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा तो घरी येण्याआधीच संपलेली होती. फ्रिजचं नेमकं उलट असतं, कारण तो वर्षानुवर्षं दिवसरात्र चालतो.

आकडे वीस वर्षांपूर्वीचे आहेत. पद्धती सुधारल्या, चिपचे कारखाने पाणी पुन्हा वापरू लागले. पण त्याच काळात चिपची घडणही कैक पटींनी गुंतागुंतीची झाली.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराची मूळ वास्तू विटांची आहे, दीड हजार वर्षांच्या आसपास जुनी मानली जाते. त्या विटांनीही भट्टीत इंधन खाल्लं. पण ते इंधन दीड हजार वर्षांत वाटलं गेलं. वर्षाचा हिशेब केला तर जवळजवळ शून्य. आपण विटेच्या कैकपट इंधन खाल्लेली वस्तू घेतो आणि चार वर्षांत भंगारात घालतो. घडणावळ मोठी असणं हा स्वतःहून दोष नाही. मोठी घडणावळ आणि छोटं आयुष्य, ही जोडी वाईट.

सहीचा हिशेब

आता त्या ३० संगणकांकडे येऊ. गणित पाचवीतलं आहे, आकडे सोयीसाठी ढोबळ घेतो.

जुना संगणक पडद्यासह १३० वॅट खात होता असं धरू, नवा ६० वॅट. फरक ७० वॅट. नव्याची घडणावळ २५० किलो कार्बन डायऑक्साइड धरू. उत्पादकांचे जाहीर आकडे साधारण २०० ते ३०० च्या घरात असतात.

आमचा कक्ष किती तास चालायचा? वेळापत्रकात रोज चार तास. पण ते दिवस आठवा, भारनियमन होतं. प्रात्यक्षिकाच्या तासालाच वीज जायची. परीक्षा, सुट्ट्या, निवडणुकीची कामं धरली तर वर्षाला २०० दिवस, रोज दोन तास. म्हणजे ४०० तास.

७० वॅट गुणिले ४०० तास, २८ युनिट. गुणिले ०.७, जवळपास २० किलो. एका नव्या संगणकानं वर्षाला २० किलो वाचवले. घडणावळ २५० किलो. फिटायला लागली असती साडेबारा वर्षं. आणि ते संगणक राहिले सहा वर्षं.

तीस यंत्रांची घडणावळ साडेसात टन. सहा वर्षांत वाचले ३.६ टन. वीज वाचवण्याच्या नावाखाली केलेली आमची सही चुकीची होती.

पण थांबा, इथे एक गोष्ट नीट बघायला पाहिजे. समजा तेच संगणक एखाद्या बँकेच्या शाखेत असते, रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस. तीन हजार तास. ७० वॅटनं २१० युनिट, १४७ किलो. घडणावळ पावणेदोन वर्षांत फिटली असती. तिथे तीच सही बरोबर ठरली असती! यंत्र तेच, पडदा तोच, उत्तर उलटं. जुनं ते सोनं हेही खरं नाही आणि नवं ते बचतीचं हेही नाही. तीन आकडे विचारावे लागतात : किती तास चालणार, वॅटचा फरक किती, आणि नव्याची घडणावळ किती.

आज आपल्याकडे जे पाच-सहा वर्षांचे लॅपटॉप आहेत, ते मुळातच २५-३० वॅट खातात. नवा घेऊन फार तर १० वॅट वाचतील. रोज सहा तास, २५० दिवस चालवला तरी वर्षाला १५ युनिट, साडेदहा किलो. घडणावळ फिटायला वीस वर्षांच्या वर. म्हणजे ‘कमी वीज खातो’ या कारणासाठी चालू लॅपटॉप बदलणं आता कुठल्याच हिशेबात बसत नाही. दुसरं कारण असेल तर ते कारण सांगावं, विजेला मध्ये आणू नये.

जिथे खुराक जड होतो

आता कंदिलाच्या बाजूला जाऊ. अशीही यंत्रं आहेत की जी कधीच बंद होत नाहीत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक रुजू झाला. आपल्या देशात घडवलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्यात २७०० निर्वात नळ्या होत्या. अशी नळी काम करो न करो, तिच्या पोटातली तार आधी तापवून ठेवावी लागते. म्हणजे विचार करण्याआधीच उष्णता, आणि मग ती काढून टाकायला वातानुकूलन. ही दुहेरी वीज संगणकाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. ट्रान्झिस्टर आले, चिप आली, एका आकडेमोडीला लागणारी ऊर्जा कोट्यवधी पटींनी कमी झाली. पण जी वीज आत जाते ती शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, हे बदललं नाही.

ते पूर्णपणे बदलणारही नाही. १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवलं की एक बिट माहिती पुसायला काही किमान ऊर्जा लागतेच. साध्या खोलीच्या तापमानाला ती फार सूक्ष्म आहे, एका ज्यूलचे अब्ज भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज भाग केले तरी त्याहूनही लहान. आजच्या चिप तिच्या हजारो पटींनी जास्त खातात. पण तत्त्व म्हणून ही मोठी गोष्ट आहे. विचार निराकार आहे असं आम्ही आयुष्यभर वर्गात सांगितलं. निदान यंत्रातल्या विचाराला तरी शरीर आहे, आणि त्या शरीराला खायला लागतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला. सेकंदाला चारावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी. त्याची वीज सव्वा मेगावॅटच्या पुढे. दिवसाला तीस हजारांहून जास्त युनिट झाले. महिन्याला १०० युनिटांचं बिल येणारी नऊ हजारांच्या आसपास घरं तेवढ्यात चालतात, आणि यात वातानुकूलन धरलेलं नाही.

ही उधळपट्टी आहे का? आपल्या शिवारात उभं राहून उत्तर द्या. मृगाचा एक पाऊस पडला, सोयाबीन पेरलं, पुढे वीस दिवस आभाळ कोरडं. बियाणं, खत, मजुरी मातीत, आणि दुबार पेरणी डोक्यावर. वाशी-भूमच्या माळावरच्या माणसाला पुढच्या दहा दिवसांचा अंदाज जरा जास्त खरा मिळाला तर त्याची किंमत युनिटांत कशी मोजणार? प्रत्यूषवर हवामानाचा नकाशा १२ किलोमीटरच्या चौकटींत बघितला जायचा. २०२४ मध्ये तिथेच ‘अर्का’ आला, आणि मे २०२५ पासून भारत पूर्वानुमान प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. चौकट निम्मी केली की लांबी-रुंदीनं चौकटी चौपट होतात, आणि गणिताच्या गरजेनं वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम आठपट. तालुक्याच्या अंदाजाकडून मंडळाच्या अंदाजाकडे येण्याची किंमत अशी असते. ही किंमत द्यावी असं आमचं मत आहे. पण किंमत आहे हे माहीत असून द्यावी.

अशा चोवीस तास राबणाऱ्या यंत्रांना आमचा ‘जुनं ठेवा’ हा सल्ला लागू नाही. तिथे खुराक घडणावळीवर मात करतो. कमी विजेत जास्त काम करणारी नवी यंत्रं तिथे लवकर आणणं बऱ्याचदा शहाणपणाचं ठरतं.

नवी मुंबईत ऐरोलीपासून पनवेलपर्यंत जी डेटा सेंटर उभी राहिली आहेत, तिथेही हेच. आपण म्हणतो फोटो ‘क्लाउड’वर आहे, म्हणजे ढगात. ढगात काही नसतं. ते ठाणे खाडीच्या काठी एका खिडक्या नसलेल्या इमारतीत असतं. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली जाणारी एकेक चिप ७०० वॅट घेते, जवळपास इस्त्रीएवढी, आणि अशा हजारो इस्त्र्या एका छताखाली. तुलनेसाठी सांगतो, आपला मेंदू २० वॅटवर चालतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वापरले, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर जाईल.

यंत्रं दरवर्षी काटकसरी होत असताना एकूण वीज का वाढते? १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं कोळशाबद्दल हेच पाहिलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तसा इंग्लंडचा कोळसा कमी लागण्याऐवजी जास्त लागला, कारण स्वस्त झाल्यामुळे इंजिनं सगळीकडे बसली. आपल्याकडे ठिबक सिंचनानं पाणी वाचलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लागतो. तसंच हे.

पाणी

पाण्याचं नाव निघालं, तर ते सोडून पुढे जाता येत नाही. निदान आपल्या भागात.

औष्णिक विजेला कोळशाइतकंच पाणी लागतं. शेजारच्या परळी वैजनाथचं वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद पडलं, हे आपण पाहिलं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. लातूर म्हणजे १९८२ पर्यंत आपलाच जिल्हा. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. स्टेशनवर लोक ती गाडी बघायला जमले होते. मघाचा चिपचा आकडा घ्या, ३२ लिटर. त्या हिशेबानं ती अख्खी रेल्वे म्हणजे पंधरा-साडेपंधरा हजार मेमरी चिप. आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या संगणकांतच त्याहून जास्त चिप निघतील. ते पाणी आपल्या धरणातलं नव्हतं, हे खरं. पण ज्याच्या धरणातलं होतं त्याच्यासाठी ते गाढवाच्या पाठीवरचं ओझंच होतं.

प्रश्नोत्तरांतून

एका विद्यार्थिनीनं विचारलं : आपल्या जिल्ह्यात कौडगावला सौर प्रकल्प आहे, माळावर पवनचक्क्या आहेत. उद्या सगळी वीज अशीच आली तर संगणक हवे तेवढे वापरायला हरकत काय?

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला वाटतं त्याच्या उलट येतं. वीज स्वच्छ झाली की खुराकाचा धूर कमी होतो. मग जुनं यंत्र चालवण्याचा तोटाही कमी होतो. पण नव्याची घडणावळ दुसऱ्या देशातल्या कोळशावर झालेली असते, ती तेवढीच राहते. म्हणजे आपल्याकडची वीज जितकी स्वच्छ, तितकं जुनं यंत्र ठेवणं जास्त फायद्याचं. आणि एक : सौर पट्टी आणि चिप ही एकाच गारगोटीची दोन लेकरं. पट्टीलाही मोठी घडणावळ लागते, पण आपल्या उन्हात ती वर्ष-दीड वर्षात ती ऊर्जा परत करते आणि मग वीस-पंचवीस वर्षं देत राहते. चिप कधीच परत करत नाही. म्हणून तिच्याकडून काम पुरेपूर करून घ्यायचं.

संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं : सर, यंत्र चालतं हो, पण आतली प्रणालीच बंद करतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कितीतरी चांगल्या यंत्रांवर पुढची आवृत्ती बसत नाही. गिऱ्हाइकाला काय सांगू?

तुमचं म्हणणं खरं आहे. मडकं फुटलं म्हणून टाकणं वेगळं, आणि कुणीतरी लांबून ‘आता यात पाणी भरू नका’ म्हटलं म्हणून टाकणं वेगळं. यंत्राचं आयुष्य आज बऱ्याचदा हार्डवेअर ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं. लिनक्ससारखी मोफत प्रणाली बऱ्याच जुन्या यंत्रांवर नीट चालते; लिहिणं, वाचणं, इंटरनेट, एवढ्या कामाला ती पुरते. स्मृती वाढवणं, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं, हे तुम्ही रोज करताच. हे काम करणारा माणूस आमच्या मते जिल्ह्यातला महत्त्वाचा ऊर्जा वाचवणारा माणूस आहे. तुमच्या दुकानाच्या पाटीवर हे कुणी लिहीत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि जे खरोखर मेलं आहे ते घरात साठवूनही ठेवू नका. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंदणीकृत पद्धतीनं पुनर्वापरात गेला. आपल्याकडे २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती मागून घ्यावी लागते. एक मात्र लक्षात ठेवा, भंगारातून तांबं, सोनं काही प्रमाणात परत मिळतं. चिप घडवताना लागलेली ऊर्जा मिळत नाही. वितळवलेल्या मडक्यातून भट्टीचं सरपण परत येत नाही.

शेवटी एक विनंती. इथे शाळांचे मुख्याध्यापक आहेत, ग्रामपंचायतीचे लोक आहेत, महाविद्यालयांच्या समित्यांवर असलेले आमचे जुने विद्यार्थीही दिसतायत. मार्च महिना दरवर्षी येतो, अनुदान दरवर्षी संपवायचं असतं. तुमच्यापुढे निर्लेखनाचा कागद येईल तेव्हा सही करायच्या आधी ते तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहा : तास, वॅटचा फरक, घडणावळ. पाच मिनिटांचं काम आहे. उत्तर ‘बदला’ असं आलं तर खुशाल बदला. ‘ठेवा’ असं आलं तर अनुदानातून एसएसडी घ्या, पडदे घ्या, दुरुस्ती करून घ्या, आणि ती चिठ्ठी फाइलला लावून ठेवा. पुढच्या समितीला उपयोगी पडेल.

आमच्या वेळी ती चिठ्ठी फाइलला नव्हती.